विचारा ग्रंथपालबाईंना : गाइडचा एच-इंडेक्स आणि मुलीची पाच वर्षं

यंदाच्या पत्रांचा सूर एकच निघाला: संशोधकाचं मोठेपण आकड्यांवरून ओळखायचं कसं? त्यातही बहुतेक प्रश्न मेंदूच्या संशोधनाभोवतीचे. त्यामुळे पुस्तकांना लागलेली वाळवी, सुटलेली बांधणी वगैरे आपले नेहमीचे प्रश्न पुढच्या अंकात.

ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी झाली. न्यूरोसायन्समध्ये पीएचडीसाठी तिला दोन ठिकाणांहून होकार आलाय. एका मॅडमचा एच-इंडेक्स 14 आहे, दुसऱ्या सरांचा 52. माझे दीर इंजिनिअर आहेत. ते म्हणतात, यात विचार कसला करायचा, 52 म्हणजे 52. मुलीचा ओढा मात्र मॅडमकडे. रोज जेवताना हाच विषय निघतो आणि भाजी गार होते. दोघांच्या गूगल स्कॉलरच्या पानांचे पत्ते सोबत पाठवलेत. या एच-इंडेक्सवर किती भिस्त ठेवावी?
— एक आई, पाचपाखाडी, ठाणे

52 हे 14 पेक्षा मोठे, इथपर्यंत तुमच्या दिरांचं बरोबरच आहे. ते 52 कशाचे, हे मात्र त्यांनी विचारलेलं दिसत नाही.

एच-इंडेक्स काढायला पाटी-पेन्सिल पुरते. संशोधकाचे सगळे पेपर उतरत्या भाजणीने लावायचे. ज्याचा उल्लेख इतरांनी आपल्या पेपरांत सर्वांत जास्त वेळा केला, तो वर. मग एक, दोन, तीन असं मोजत खाली यायचं. चौदाव्या पेपरचे निदान 14 उल्लेख आहेत, पण पंधराव्याचे 15 भरत नाहीत, तर एच-इंडेक्स 14. ही युक्ती 2005 साली सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. एखादाच गाजलेला पेपर किंवा नुसते ढीगभर पेपर, दोन्हींपैकी कशानेच फसायला होऊ नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त होऊन घरी बसला तरी तो वाढतच राहतो. म्हणून हिर्शनेच तो कारकिर्दीच्या वर्षांशी ताडून पाहिला होता: वीस वर्षांत 20 म्हणजे यशस्वी, 40 म्हणजे असामान्य. हे भौतिकशास्त्रापुरतं, जीवशास्त्रात आकडे याहून बरेच चढे असतात, असंही त्याने तिथेच नोंदवून ठेवलंय.

आता तुमची दोन पानं. मॅडमचा पहिला पेपर 11 वर्षांपूर्वीचा, सरांचा 31 वर्षांपूर्वीचा. वर्षांनी भागलं तर मॅडम सव्वाच्या आसपास येतात, सर पावणेदोनच्या जरा खाली. म्हणजे भागूनही सर पुढेच. हे दिरांना अवश्य सांगा, नाहीतर ग्रंथपालबाईंनी मुलीची बाजू घेतली म्हणतील.

आता यादी उघडू. सरांच्या पानावर सगळ्यांत वर जे पेपर आहेत, ते जगभरातल्या रोगभाराच्या अभ्यासाचे, 'लान्सेट'मध्ये आलेले. या अभ्यासांत लेखकांची नावं शेकड्यांनी असतात आणि सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांतले उल्लेख, हजारांनी मिळतात, कारण कोणत्या देशात पक्षाघात किती, अपस्मार किती, हे लिहायचं तर त्यांचाच हवाला द्यावा लागतो. काम मोलाचंच. सरांच्या एकूण सायटेशनपैकी निम्म्याच्या आसपास या मोजक्या पेपरांची आहेत आणि त्यांत सरांचं नाव मध्ये कुठेतरी, आडनावांच्या दाटीत आहे. एच-इंडेक्सला याने फारसा फरक पडत नाही, तिथे असा एक पेपर एकच धरला जातो. पण एकूण सायटेशनच्या आकड्याने डोळे दिपले असतील, तर त्यातला निम्मा झगमगाट तुमच्या मुलीच्या विषयाचा नाही. ती जाणार आहे उंदरांच्या स्मरणशक्तीवर काम करायला.

मग बघायचा नावांचा क्रम. गणितात लेखकांची नावं सहसा अकारविल्हे लावतात. मेंदूविज्ञानात तसं नसतं. पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं, शेवटचं ज्याची लॅब त्याचं, मधली मदतनिसांची. तेव्हा गाइडचं नाव शेवटी आहे असे गेल्या पाच-सहा वर्षांतले पेपर वेगळे काढा आणि त्यांतली पहिली नावं वाचा. सरांकडे तीच दोन-तीन नावं आलटून पालटून येतात. शोधून पाहिलं तर ते अनुभवी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी होऊन लॅबमध्ये काम करणारे, निघाले. पीएचडीची मुलं मधल्या रांगेत. मॅडमच्या लॅबमधून नऊ पेपर आलेत आणि पहिली नावं बहुतेक वेगवेगळी, सगळी त्यांच्या विद्यार्थ्यांची. 14 आणि 52 च्या वादात हे कुणाच्या लक्षात आलं नसतं, आणि पुढची पाच वर्षं काढायची आहेत ती मुलीला.

एक गोष्ट मुलीला आत्ताच सांगून ठेवा. मॅडमच्या एका विद्यार्थिनीचा पहिला पेपर पाचव्या वर्षी आला आहे. यात आळस नाही, कामच तसं असतं. उंदराला आधी हाताची सवय करायची, मग शिकवायचं, मग मेंदूचा कागदासारखा पातळ काप घेऊन काचेची केसाहून बारीक नळी एकेका पेशीला चिकटवायची. पेशीने पकड सोडली की पुन्हा पहिल्यापासून. दिवसभरात बोटांवर मोजण्याइतक्या पेशी हाती लागल्या तर संध्याकाळी चहा गोड लागतो. या वेगाने आकडा फुगत नाही.

शिवाय विषयाभोवती गर्दी किती, त्यावरही सायटेशन ठरतात. अल्झायमरवर जगभर हजारो लॅब काम करतात. तिथल्या मध्यम पेपरलाही बरेच उल्लेख सहज मिळतात. माशीला वास कसा येतो यावर काम करणाऱ्या लॅब त्यामानाने थोड्या. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1978 साली फळमाशीच्या वास-चवीच्या जनुकांवर जो पेपर लिहिला, त्याने या विषयाची वाट घालून दिली. अल्झायमरच्या गर्दीतल्या पेपरशी त्याची आकड्यांत तुलना करणं म्हणजे ठाणे स्टेशनची वर्दळ कोपरच्या वर्दळीशी ताडून कुठली गाडी चांगली ते ठरवणं.

सगळ्यांत जास्त सायटेशन असलेला पेपर कोणता, माहीत आहे? ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा, 1951 सालचा, प्रथिनं मोजायच्या एका पद्धतीचा. 3 लाखांच्या वर उल्लेख. लाउरींचा खरा जीव मेंदूच्या एकेका पेशीचं रसायन मोजण्यात होता. ती कामं याच्या पासंगालाही पुरत नाहीत. तो पेपर थोर नाही, असं स्वतः लाउरीच म्हणत. पण प्रत्येक लॅबला प्रथिनं मोजावी लागतात, म्हणून प्रत्येकाने तो उद्धृत केला. उलट बाजूला जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांचा 1971 चा पाच पानी पेपर घ्या: उंदीर ठरावीक जागी आला की मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातली ठरावीक पेशी बोलायला लागते. लोकांनी सुरुवातीला संशयानेच पाहिलं. ओकीफना त्यासाठी नोबेल मिळालं ते 2014 साली. पहिल्या तीन-चार वर्षांचे आकडे पाहून कुणी त्यांना बढती दिली असती, असं मला वाटत नाही.

थोडं विषयांतर करते. मी नोकरीला लागले तेव्हा ही माहिती छापील मिळायची. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्डने 1964 साली सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला, त्याचे जाडजूड खंड आमच्या ग्रंथालयात होते. मुंगीएवढी अक्षरं, वाचायला भिंग लागायचं. पण खरी गंमत पोस्टकार्डांची. 'आपल्या अमुक पेपरची एक प्रत पाठवावी' अशी छापील कार्डं परदेशातून यायची, पूर्व युरोपातून जास्त. आमचे एक शास्त्रज्ञ ती रबर लावून ठेवत आणि तिकिटं शिपायाच्या मुलाला देत. कार्डावर नाव असायचं, गाव असायचं. आपला पेपर कोण वाचतंय, हे माणसाला ठाऊक असायचं. आज गूगल स्कॉलरवर 'सायटेड बाय' या शब्दांवर टिचकी मारली की तीच यादी उघडते, पण टिचकी मारतो कोण? मॅडमच्या सर्वाधिक उद्धृत पेपरवर मी मारली. उल्लेख करणाऱ्यांत तीन-चार देशांतल्या लॅब दिसल्या, आणि त्यांतल्या दोघांनी मॅडमची पद्धत वापरून पुढचे प्रयोग केलेत. प्रस्तावनेत इतर पंधरा नावांबरोबर कंसात टाकलेला उल्लेख आणि हा, यांत फार अंतर आहे.

माझा कौल मॅडमच्या बाजूने. पण सही करण्याआधी मुलीने एक गोष्ट थेट विचारावी: मॅडमची नेमणूक कायम आहे की रामलिंगस्वामीसारख्या ठरावीक मुदतीच्या फेलोशिपवर? ती फेलोशिप पाच वर्षांची असते. मध्येच संपली तर पुढे लॅबचं आणि प्रकल्पाच्या पैशांचं काय, हे आजच कळायला हवं. यात संकोच नको. दुसरं म्हणजे, दोन्ही लॅबमधून बाहेर पडलेल्या दोन-दोन विद्यार्थ्यांना ईमेल करावं. पेपर लिहिताना कुणी काय लिहिलं, सुट्टी मागता येते का, प्रयोग फसला की गाइड काय करतात. आत्ता तिथे असलेल्यांना विचारू नये, ते बिचारे खरं बोलणार नाहीत. आणि भाजी गरम असताना जेवा.

आमच्या सोसायटीतले एक प्राध्यापक अपस्मारावर संशोधन करतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांची जगातल्या अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांत निवड केल्याचं वर्तमानपत्रात आलं होतं. गणेशोत्सवात सत्कार ठेवलाय. फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडे आहे. काही चुकीचं छापलं जाऊ नये म्हणून विचारतो.
— निवृत्त बँक अधिकारी, वाशी

फ्लेक्स छापण्याआधी विचारलंत, हे विशेष. नाहीतर आपल्याकडे आधी फ्लेक्स लागतो, मग चौकशी होते.

'निवड केली' हे शब्द काढा. स्टॅनफर्डमधल्या जॉन इओॲनिडिस यांचा गट स्कोपस या माहितीसाठ्यावरून ही यादी तयार करतो आणि एल्सेव्हिअर ही प्रकाशन कंपनी ती दरवर्षी प्रसिद्ध करते. अर्ज नाही, मुलाखत नाही, समिती नाही. संगणक हिशेब करतो. हिशेब मात्र बरा आहे: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांत वाटून आलेला एच-इंडेक्स, आणि एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून मिळालेली सायटेशन, असे सहा घटक त्यात आहेत. मगाशी सांगितलेल्या शेकडो लेखकांच्या गर्दीचा फायदा त्याने बराच कमी होतो. स्वतःचेच पेपर उद्धृत केलेले वगळून येणारा क्रमांकही वेगळा दिलेला असतो, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत मागे घेतलेल्या पेपरांचा रकानाही आलाय.

याद्या दोन असतात. एक अख्ख्या कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षात मिळालेल्या सायटेशनची. बातमीत हे सहसा येत नाही. तुमच्या प्राध्यापकांचं नाव दोन्हींत आहे का, ते त्यांनाच विचारा. कारकिर्दीच्या यादीत असेल तर ते जास्त वजनाचं. 2 टक्के हेही ज्या त्या उपविषयातल्या, निदान पाच पेपर असलेल्या लेखकांतले.

मला विचाराल तर फ्लेक्सवर टक्केवारी नकोच. अपस्मारावर ते नेमकं काय शोधतात, हे त्यांच्याकडूनच दोन ओळींत लिहून घ्या आणि ते मोठ्या अक्षरांत छापा. सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या घरी फिट येणारं माणूस असतंच. सत्कारानंतर ते प्राध्यापकांना गाठेल.

माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे. व्हॉट्सॲपवर एका कॅप्सूलची जाहिरात आली. 'नेचर'मध्ये छापलेल्या आणि 2000 हून जास्त वेळा उद्धृत झालेल्या संशोधनावर ती आधारलेली आहे, असं लिहिलंय. महिन्याचा खर्च मोठा आहे. इतक्या वेळा उद्धृत झालंय म्हणजे खरंच असणार ना?
— खारघर, सेक्टर 12

नाही. ऑर्डर दिली असेल तर आधी थांबवा, मग पुढचं वाचा.

तुमची जाहिरात कोणत्या पेपरबद्दल बोलते ते तिने लिहिलेलंच नाही, आणि तिथेच तिची विश्वासार्हता संपली. पण असा एक पेपर मला ठाऊक आहे. 2006 साली 'नेचर'मध्ये आला होता. उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड बीटा या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार सापडला आणि त्यानेच स्मरणशक्ती जाते, असा दावा. त्याला 2000 च्या वर सायटेशन मिळाली. 2022 मध्ये 'सायन्स' साप्ताहिकाने तपास छापला की त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याची शंका आहे, आणि जून 2024 मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. मधल्या अठरा वर्षांत त्याचा हवाला देणाऱ्यांनी सगळ्यांनीच प्रयोग करून पाहिला होता असं नाही. कित्येकांनी प्रस्तावनेत नाव लिहिलं आणि पुढे गेले. पेपर मागे घेतला तरी जुने उल्लेख खोडले जात नाहीत, आकडा तसाच दिसत राहतो.

यावरून अल्झायमरचं सगळं संशोधन बोगस आहे, असं कुणी सांगितलं तर तेही ऐकू नका. अमायलॉइडवरचं काम त्या एका पेपरवर उभं नव्हतं. अमायलॉइड काढून टाकणारं लेकानेमॅब हे औषध अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मंजूर झालं. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने घसरणीचा वेग 27 टक्क्यांनी कमी केला, तोही आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांत. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळे एमआरआय करत राहावे लागतात. इंजेक्शनने द्यायचं औषध आहे ते. कॅप्सूल नव्हे.

जाहिरातवाल्याकडे पेपरचं शीर्षक मागा. मिळालं तर पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत टाका. ती साइट फुकट आहे. पेपर मागे घेतलेला असेल तर वरच लाल पट्टीत तसं लिहिलेलं दिसतं. नसेल तर सारांशात एवढंच बघा की अभ्यास माणसांवर होता की उंदरांवर. आणि मग सासूबाईंच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. शीर्षक मिळालंच नाही, तर नंबर ब्लॉक करा.

मी एमडीची विद्यार्थिनी आहे. '72 तासांत पेपर छापून देऊ' अशी ईमेल रोज येतात. फी 6000 रुपये. आमचे सीनियर म्हणतात, सगळे तेच करतात.
— नेरुळ

सगळे करत नाहीत. पेपर दुसऱ्या तज्ज्ञांनी वाचायचा असतो आणि 72 तासांत तुमच्या सीनियरांना साधं ओपीडीचं रजिस्टरही वाचून होत नाही. सहा हजारांत छापलेला पेपर पुढे मुलाखतीत कुणी उघडला, तर जर्नलचं नावच बोलेल. विभागातल्याच चांगल्या केसवर नीट केस रिपोर्ट लिहा, वर्ष लागलं तरी चालेल. आणि महागडं असलं की चांगलंच असतं, असाही समज नको. ओपन ॲक्सेससाठी, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून, 'नेचर'ने 2020 मध्ये 9500 युरो फी जाहीर केली होती. तेव्हाचे आठ लाखांहून जास्त रुपये. वर्गणीवर चालणाऱ्या कित्येक चांगल्या जर्नलांत लेखकाला काहीच द्यावं लागत नाही.

मी मेंदूच्या विकासावर पोस्टडॉक करते. चार पेपर माहेरच्या आडनावाने आहेत. मागच्या वर्षी लग्न झालं. सासरचे कागदपत्रांवर नाव बदल म्हणतात, वाद घालायची इच्छा नाही. माझं आडनाव पाटील होतं, आता जोशी होईल. दोन्ही नावांच्या इतक्या संशोधक आहेत की माझे पेपर हरवतील अशी भीती वाटते.
— ऐरोली

भीती रास्त आहे. 'एस. पाटील' म्हणून शोधलं की हाडांच्या डॉक्टरपासून सिमेंटवर काम करणाऱ्या इंजिनिअरपर्यंत सगळे एका ढिगात येतात. मी काही प्रोफाइलमध्ये पाहिलंय, दुसऱ्याच पाटलांचे पेपर आपल्या नावावर जमा झालेले असतात आणि धनी ते काढतही नाहीत, कारण त्याने एच-इंडेक्स वाढलेला असतो. तुम्ही मात्र काढा.

आधार आणि पासपोर्टवर काय नाव आहे याच्याशी जर्नलचा संबंध नसतो. पेपरवर तुम्ही पाटील राहू शकता, कायमच्या. सासरी त्याची चर्चाही करायची गरज नाही. जोशी लावायचंच ठरलं तर 'पाटील-जोशी' असं जोडनाव एकदा ठरवा आणि मग बदलू नका. काहीही ठरवा, पण आजच ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या कायमच्या ओळखीचा, सोळा आकडी क्रमांक काढून घ्या. 2012 पासून ही सोय आहे, फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते. त्यात पूर्वीची नावंही नोंदवता येतात. चारही जुने पेपर त्याला जोडा आणि पुढचा प्रत्येक पेपर पाठवताना तो क्रमांक भरा. अनुदानाच्या अर्जात नियुक्तिपत्रावरचं नाव आणि पेपरवरचं नाव वेगळं दिसेल, तिथे एका ओळीचा खुलासा जोडला की भागतं.

स्कोपसवर तुमची दोन वेगळी प्रोफाइल तयार झाली असतील, तर ती एकत्र करायची विनंती तिथेच ऑनलाइन करता येते. लग्नाचा दाखला मागत नाहीत.